मारापूर्वीचा मार

बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (1963) या संग्रहातील शीर्षककथेचे वाचन आपल्याकडे बहुधा विद्रोहाच्या अंगाने झाले. ते चूक नव्हे. पण त्यात कथेचा मोठा भाग निसटतो. मार अखेरीस येतो. तोवरचा सारा अवकाश धास्तीने व्यापलेला आहे : रेल्वेतली नोकरी, परमुलूख, भाड्याची खोली आणि गैरसमजातून मिळणारा आदर. निवेदकाला छळतो तो हा आदरच. माया करणाराच उद्या हात उगारील, हे तो जाणून असतो. द्वेषमूलक हिंसा घडण्यापूर्वीच चांगुलपणावरचा विश्वास हिरावून घेते. शिवाय मार खाल्ल्यावर तो मारणाऱ्यांना नव्हे, मनूला जबाबदार धरतो. आपल्याला ‘आपण’ म्हणून मारलेले नाही, हे ज्याला कळले त्याचे भांडण कोणाच्या माफीने मिटावे?

ही कथा आज कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत वाचून पाहावी. तारे आहेत ते कारखान्यांच्या सोयींना. परगावच्या कामगाराला खोली शोधावी लागते भोवतालच्या गावांत, आणि तेथे नावापाठोपाठ आडनाव विचारले जाते. 7 जून 2023 रोजी समाजमाध्यमांवरील मजकुरावरून कोल्हापुरात बंद आणि दगडफेक झाली. 14 जुलै 2024 रोजी वाद होता विशाळगडावरील अतिक्रमणांचा. फुटली ती वाटेवरच्या गजापुरातील मुसलमानांची घरे आणि मशीद. त्या वेळी कागलला पाळीवर असलेल्या मुसलमान कामगाराची एक काचही फुटली नसेल. पंचनाम्यात त्याला जागा नाही. पण पाळी सुटल्यावर कोणत्या रस्त्याने जावे, मोबाइलवर काय ठेवावे, कँटीनमधल्या विनोदावर हसावे की मान खाली घालून जेवावे, याचा हिशेब तो तेव्हापासून करू लागतो.

अर्थात हे साम्य ताणू नये. बागुलांच्या निवेदकाला जात चोरता तरी येते. या कामगाराचे नावच त्याच्या आधी खोलीवर पोचते. कथेतल्या काशिनाथसारखे हत्यार बाळगणे तर त्याला परवडणारेच नाही. त्याचा ठपका एकट्यावर थांबत नाही. 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासूनच्या या लेखनात आपण ‘अस्मिता’ फार शोधली. त्यातली अडखळणारी, वाक्य अर्धे सोडणारी, स्वतःच्या निष्ठेची ग्वाही न मागता देणारी भाषा मात्र शैलीचा दोष म्हणून बाजूला ठेवली.

वर्गात ही कथा मी वर्षानुवर्षे मारहाणीपासून शिकवीत आलो. अलीकडे खोलीपासून सुरुवात करतो. मागच्या बाकांवरचे काहीजण तेव्हा वर पाहत नाहीत.