सगळं ‘रेडी’ आहे, मग पिंग का जात नाही?

मॅन्युअलमधला दुरुस्तीचा भाग कोणी समीक्षेला घेत नाही. अडलं की उघडायचं, चाललं की मिटायचं. पण तुम्ही रिसर्चच्या तयारीत असाल तर ही पानं एकदा पेपर वाचतात तशी वाचून बघा. लिहिणारा काय म्हणतोय, त्यासाठी पुरावा कोणता देतोय, आणि तेवढा पुरावा पुरतो का? आज मी घेतलंय आयबीएमचं ‘झेड/व्हीएम: कनेक्टिव्हिटी’ हे मॅन्युअल आणि अशा मॅन्युअलांवरून ठिकठिकाणी तयार होणाऱ्या चेकलिस्ट. विषय असा की मेनफ्रेमवरच्या व्हर्च्युअल मशीनचं नेटवर्क बंद पडलं, तर दोष कुठे आहे हे कसं ठरवायचं.

मेनफ्रेम कधी पाहिला नसला तरी अडणार नाही. झेड/व्हीएम हा हायपरव्हायजर आहे आणि त्याचं घराणं जुनं आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये तयार झालेली सीपी-६७, मग १९७२ ची व्हीएम/३७०, आणि तिथून पुढे आजपर्यंत. गाभ्याला अजून सीपीच म्हणतात. प्रत्येक गेस्टला, म्हणजे आतल्या व्हर्च्युअल मशीनला, वाटतं की आख्खं यंत्र आपलंच आहे. २००१ मध्ये ४.२ आवृत्तीत गेस्ट लॅन आलं. त्यात गेस्ट आपसात बोलू शकत, पण बाहेर जायला मध्ये एखादा गेस्ट राउटर म्हणून बसवावा लागे. २००३ मध्ये ४.४ बरोबर व्हीस्विच आला आणि ही मधली पायरी गेली.

आता पॅकेटचा रस्ता बघा. लिनक्स गेस्टमधला क्यूईथ ड्रायव्हर, त्याखाली व्हर्च्युअल एनआयसी, मग सीपीच्या आतला व्हीस्विच, मग ओएसए नावाचं खरंखुरं नेटवर्क कार्ड, आणि शेवटी केबलच्या पलीकडचा डेटा सेंटरचा स्विच. बाजूला एक कंट्रोलर मशीनही असतं, डीटीसीव्हीएसडब्ल्यू१ वगैरे नावाचं. ते कार्ड चालू करून देतं, गेस्टचा डेटा त्याच्यातून जात नाही. नवीन माणूस हमखास त्याच्यावर संशय घेतो.

चेकलिस्ट या रस्त्यावरून एकेक ठिकाण विचारत जाते. ओएसए ऑनलाइन आहे का? कंट्रोलर लॉग-ऑन आहे का? ‘क्वेरी व्हीस्विच’ला स्थिती रेडी दिसते का? गेस्टला ग्रँट दिलंय का? एनआयसी कपल झालंय का? लिनक्समध्ये इंटरफेस वर आहे का? प्रश्न सगळे योग्यच आहेत. ग्रँट विसरणं हा तर अगदी रोजचा प्रकार, आणि तो इथे लगेच सापडतो. माझा आक्षेप वेगळा आहे. प्रत्येक प्रश्न त्या-त्या भागाची ‘स्थिती’ विचारतो. दोन कारणांपैकी कोणतं खरं, हे ठरवणारा प्रश्न यादीत जवळजवळ नसतो.

एक केस घेऊ. व्हीस्विच व्हीलॅन-अवेअर आहे. एका गेस्टला व्हीलॅन १२० चा ॲक्सेस दिलाय. वरची सगळी उत्तरं ‘हो’ आलीत, तरी बाहेर पिंग जात नाही. कारण काय, तर केबलच्या पलीकडच्या स्विचच्या पोर्टवर १२० ला परवानगीच दिलेली नाही. मेनफ्रेमवरून हे दिसणार कसं? कार्ड जिवंत आहे, लिंक वर आहे, सीपीच्या दृष्टीने सगळं रेडी. दोष अशा जागी आहे जी मॅन्युअलच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये येतच नाही. प्रॉडक्टचं मॅन्युअल प्रॉडक्टपुरतं बोलतं, त्यात गैर काही नाही. पण त्यावरून बनवलेल्या चेकलिस्टने गृहीत धरलेलं असतं की कारण आपल्या यादीतल्याच कुठल्यातरी ओळीत असणार. हे गृहीतक कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून तपासलंही जात नाही. मग लिनक्सवाला म्हणतो माझ्याकडे ठीक आहे, झेड/व्हीएमवाला म्हणतो माझ्याकडे ठीक आहे, नेटवर्कवाला म्हणतो पोर्ट वर आहे. तिघंही खरं बोलतायत!

इथे उपयोगी पडते ती तुलना. त्याच व्हीस्विचवर, त्याच व्हीलॅनमध्ये दुसरा गेस्ट घ्या आणि त्याला पिंग करा. नंतर गेटवेला करा. आतलं पिंग जातंय आणि बाहेरचं जात नाही, तर ड्रायव्हर, एनआयसी, ग्रँट हे सगळं एका फटक्यात संशयितांच्या यादीतून जातं. कारण आतल्या दोन गेस्टमधलं पॅकेट मेमरीतच फिरतं, कार्डापर्यंत पोचतच नाही. संशय उरतो तो कार्ड आणि त्यापुढच्या भागावर. दोन कमांडमध्ये अर्धा रस्ता बाद.

आणि लगेच या युक्तीचीही मर्यादा बघा. व्हीस्विचला आयसोलेशन नावाची सोय आहे. ती ऑन असली की गेस्ट आपसात बोलू शकत नाहीत, बाहेर मात्र बोलतात. तिथे आतलं पिंग अडणं हे यंत्रणा नीट चालल्याचं लक्षण. म्हणजे ‘पिंग गेलं नाही’ या एका निरीक्षणाचे दोन अगदी उलट अर्थ होऊ शकतात. ते आधी विचारायला हवं. ‘पिंग करून बघा’ एवढंच लिहून थांबणारी चेकलिस्ट मला म्हणूनच अर्धवट वाटते.

मला सगळ्यात जास्त खटकते ती ‘टीसीपीडंप लावा’ ही ओळ. व्हीस्विच दोन प्रकारे चालतो, इथरनेट म्हणजे लेयर २ आणि आयपी म्हणजे लेयर ३. आयपी प्रकारात गेस्ट आपला आयपी पत्ता खाली नोंदवतो आणि एआरपीचं काम ओएसए करतं. गेस्टपर्यंत नेहमीचा लिंक-लेयर हेडर पोचतच नाही. टीसीपीडंपसारख्या टूलला तर तो हवा असतो. म्हणून क्यूईथ ड्रायव्हरमध्ये ‘फेक_एलएल’ नावाचं सेटिंग होतं. ते लावलं की ड्रायव्हर स्वतःच एक बनावट हेडर तयार करून चिकटवायचा. नाव तरी प्रामाणिक ठेवलंय! आता विचार करा, अशा कॅप्चरमध्ये एआरपीचं पॅकेट दिसलं नाही, तर त्यावरून काय सिद्ध झालं? काहीच नाही. ते पॅकेट या जागी दिसणारच नव्हतं. ‘दिसलं नाही’ याला पुरावा म्हणायचं असेल, तर ते असतं तर इथे दिसलं असतं हे आधी दाखवावं लागतं. चेकलिस्टमध्ये या ओळीच्या आधी एकच प्रश्न हवा: व्हीस्विच कोणत्या प्रकारात आहे? तो बहुतेक वेळा नसतो.

बरं, न्यायाने बोलायचं तर चेकलिस्टची बाजूही आहे. रात्री दोनला फोन आलेल्या माणसाला तर्कशास्त्र नको असतं, क्रम हवा असतो. शिवाय सगळ्या कमांड सगळ्यांना चालत नाहीत. साध्या गेस्टकडे क्लास जी असतो. तो लिनक्समधून ‘व्हीएमसीपी’ वापरून स्वतःच्या एनआयसीची माहिती काढू शकतो, व्हीस्विचमध्ये बदल करू शकत नाही. आणि मॅन्युअलच्या घरात एक हत्यार असं आहे जे मला मनापासून आवडतं, ते म्हणजे ‘टीआरसोर्स’. त्याने सीपी स्वतः व्हीस्विचवरच्या पॅकेटचा माग घेतो, गेस्टच्या बाहेरून. गेस्टमधलं कॅप्चर आणि सीपीचा ट्रेस शेजारी ठेवले की पॅकेट कुठपर्यंत पोचलं ते दिसतं. अशा तुलना पुढे आणायच्या सोडून चेकलिस्टवाले रेडी-रेडी मोजत बसतात.

तुम्ही म्हणाल, आम्हाला कुठे मेनफ्रेम चालवायचाय? पण हाच प्रश्न तुमच्या प्रयोगात येणार आहे. समजा एखाद्याने एकाच व्हीस्विचवरच्या दोन गेस्टमध्ये वेग मोजला आणि तक्त्यावर लिहिलं ‘नेटवर्क थ्रूपुट’. त्या आकड्यात कार्ड नाही, केबल नाही, बाहेरचा स्विच नाही. आहे ती मेमरीतली कॉपी आणि त्यासाठी खर्च झालेला सीपीयूचा वेळ. लॅपटॉपवर केव्हीएमची दोन मशीन एका लिनक्स ब्रिजवर ठेवून मोजलंत तरी हेच होतं. आकडा खोटा नसतो, त्याच्यावरचं नाव चुकीचं असतं, आणि रिव्ह्यूअरला ते कळेलच असं नाही. म्हणून दुसऱ्याचा पेपर वाचताना प्रयोगाच्या मांडणीत पॅकेटचा रस्ता शोधा. सापडला नाही तर तक्ता बाजूला ठेवा आणि आधी तो प्रश्न लिहून काढा.

शेवटचा मुद्दा बॅकअप कार्डाचा. व्हीस्विचला एकाहून जास्त ओएसए देता येतात. लिंक ॲग्रिगेशन केलेलं नसेल तर एक काम करतं, बाकीची बॅकअप म्हणून उभी असतात, आणि ‘क्वेरी व्हीस्विच’ तसं दाखवतंही. चेकलिस्टवर तिथे टिक पडते. पण त्या दुसऱ्या कार्डाच्या पलीकडच्या पोर्टवर व्हीलॅन १२० आहे का, हे त्या टिकेत येत नाही. पहिलं कार्ड जाईल त्या दिवशी कळतं. खरं तर ‘सेट व्हीस्विच’ला ‘स्विचओव्हर’ हा पर्याय दिलेलाच आहे. ठरवून, कामाचा ताण कमी असताना तो द्यायचा, दुसऱ्या कार्डावरून गेटवेला पिंग करायचं आणि परत पहिल्यावर यायचं. चेकलिस्टमध्ये मला ‘बॅकअप दिसतो का’ च्या जागी ही ओळ वाचायला आवडेल, आणि तिच्यापुढे शेवटचं कधी केलं ती तारीख.