ढोलाची साक्ष

'हाइलुंग' या मंडळाचा २०१७ सालचा नेदरलंड्समधील प्रयोग आम्ही पाहिला तो चित्रीकरणात. धुराचा वास व ढोलांचा अंगभर भिनणारा हादरा आमच्या वाट्याला आला नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मंडळाच्या जर्मन नावाचा अर्थ रोगनिवारण. काय फाउस्ट, क्रिस्टोफर यूल आणि मारिया फ्रान्झ हे त्याचे सूत्रधार. आरंभी धूप व रिंगण. मग शिंगांचे मुकुट, रंग माखलेले भालाईत, आणि त्या कल्लोळावर चढत जाणारा फ्रान्झबाईंचा स्वर. त्या स्वरापुढे आमची उलटतपासणी थांबली, हे कबूल केले पाहिजे.

परंतु मंडळ आपल्या कलेला 'ध्वनिवर्धित इतिहास' म्हणवते, आणि इतिहास म्हटला की पुरावा मागणे आम्हां वकिलांना प्राप्तच आहे. लाल एरिकच्या सागेत ग्रीनलंडमधील थोरब्योर्ग या भविष्यवादिनीचे वर्णन आहे. दुष्काळाचे दिवस, ती उच्चासनावर, हाती पितळी मुठीचा दंड, हातमोजे मांजराच्या कातड्याचे. मंत्रगीत येते ते एकट्या गुद्रीदला. पण ती ख्रिस्ती, म्हणून कचरते, आणि यजमानाच्या आग्रहाने अखेर गाते. याहून नाट्यपूर्ण प्रवेश कोणता नाटककार लिहिणार? मात्र साग तेराव्या शतकातील, आणि आइसलंड ख्रिस्ती झाले इ. स. १००० च्या सुमारास. म्हणजे साक्ष ऐकीवच. आणि तीतही ढोल नाही, गाणे आहे. एका एद्दाकाव्यातील संदिग्ध शब्दाचा अर्थ काही पंडित ढोल असा करतात खरे. तेवढ्यावर निकाल देता येत नाही.

ढोलाची पक्की ओळख पटते ती सामी लोकांपाशी. १६९२ साली नॉर्वेतील वाद्सो येथे आन्देर्स पौल्सेन या वृद्ध सामीवर जादूटोण्याचा खटला चालला. ढोल मुद्देमाल म्हणून पुढे होता. त्यावरील चित्रांचा अर्थ त्याने स्वतः न्यायासनाला समजावून दिला. निकालापूर्वीच कोठडीत त्याचा खून झाला, आणि ढोल कोपनहेगनला गेला.

प्रयोगात गुद्रीदचे गाणे व पौल्सेनचा ढोल एकाच धुरात विरून जातात. उसनवारीला आमचा आक्षेप नाही. रंगभूमी तिच्यावरच जगते. आक्षेप एवढाच, की येथे कोणी कचरत नाही. गुद्रीदचा संकोच नाही, आरोपीची भीती नाही. सर्वांच्याच अंगात एकदम येते. ज्या वाद्यापायी माणूस न्यायासनापुढे उभा राहिला, ते येथे केवळ ताल धरते.

पौल्सेनच्या ढोलाची मालकी २०२२ साली सामी संग्रहालयाकडे आली.