हिमाला : दृष्टान्त, जमाव आणि धर्मगुरू

फिलिपीन्समध्ये नाताळ हा चित्रपटगृहांचाही सण असतो. मनिलाचा वार्षिक चित्रपट महोत्सव २५ डिसेंबरला सुरू होतो आणि त्या दिवसांत बहुतेक चित्रपटगृहांतून परदेशी चित्रपट बाजूला सारून केवळ स्वदेशी चित्रपट दाखविले जातात. मिस्सा आटोपली की कुटुंबेच्या कुटुंबे तिकिटांच्या रांगेत उभी राहतात. यात नाक मुरडण्यासारखे आम्हांस काही वाटत नाही. ‘जय संतोषी माँ’ (१९७५) पाहताना पादत्राणे काढून पडद्याला ओवाळणारे प्रेक्षक आपल्याही देशात होतेच. अशाच महोत्सवात १९८२ साली इश्माएल बेर्नाल यांचा ‘हिमाला’ प्रथम लोकांपुढे आला. (नाव ऐकून हिमालय आठवतो खरा, पण तागालोग भाषेत या शब्दाचा अर्थ चमत्कार असा आहे.)

कथा कूपांग नावाच्या दुष्काळी गावातली. एका महारोग्याला हाकलून दिल्यामुळे गावाला शाप लागला, अशी तेथील समजूत. खग्रास ग्रहणाच्या वेळी एल्सा या तरुणीला टेकडीवर पवित्र मरियेचे दर्शन होते आणि ती रोग्यांना बरे करू लागते. पाहता पाहता यात्रा भरते, खानावळी निघतात, पाणीसुद्धा विकले जाते आणि मागोमाग कुंटणखानाही येतो. काब्रा बेटावर १९६६ पासून ज्या दर्शनांची वदंता होती, तिच्यावरून पटकथाकार रिकी ली यांना ही कथा सुचली. नोरा आऊनोर यांची एल्सा कमी बोलते; तिला खरोखर काय दिसले, हे त्यांचा चेहरा शेवटपर्यंत सांगत नाही. हा संयमच या चित्रपटाचे बळ होय.

मराठी वाचकाला येथे उमेश कुलकर्णी यांचा ‘देऊळ’ (२०११) आठवेल. तेथेही गुराखी केश्याला दत्तदर्शन होते आणि मंगरूळची बाजारपेठ होते. दोन्ही कथांत ज्याला दर्शन घडले तोच अखेर ते जमावाच्या हातून सोडवू पाहतो. केश्या मूर्ती उचलून नदीत सोडतो, तर गाव दुसरी मूर्ती बसवते. एल्सा जमावापुढे उभी राहून चमत्कार झालाच नाही असे सांगते, तर तिला गोळी घालण्यात येते आणि लोक गुडघ्यांवर टेकडी चढू लागतात. ‘देऊळ’ आपल्याला हसवतो. ‘हिमाला’त मात्र किंमत एका स्त्रीच्या देहाने मोजली जाते. एल्सावर बलात्कार होतो, आणि तिच्या गर्भारपणालाही भाविक चमत्कारच मानतात. मरियेच्या कथेचे हे विडंबन धर्मनिंदा आहे, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. निंदा आहे ती अत्याचाराला पावित्र्याचे वस्त्र पांघरणाऱ्या जमावाची.

आमचा आक्षेप निराळा आहे. ऑर्ली हा चित्रपट बनविणारा तरुण तो अत्याचार पाहतो, गप्प राहतो आणि पुढे धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतो. पापनिवेदनाची गुप्तता अभंग, हे आपण जाणतोच. परंतु पाहिले ते पीडितेच्या बाजूने सांगावयास धर्मगुरू त्या तरुणाला कळकळीने प्रवृत्त करू शकतो. एल्साविषयी आरंभापासून साशंक असलेला हा धर्मगुरू बुद्धीने बरोबर आहे, पण मेंढपाळ म्हणून फिका वाटतो. ही उणीव दिग्दर्शकाची की आपलीच, हा प्रश्न बेर्नाल यांनी मोकळा सोडला आहे. राजवटीची टीका मात्र त्यांनी चतुराईने केली : मार्कोस राजवटीने स्थापिलेल्या संस्थेच्याच पैशाने हा चित्रपट निघाला.

बारडोलीच्या परिसरात हा चित्रपट आम्हांस दूरचा वाटत नाही. दर हंगामात खानदेशातून ऊसतोडीचे कोयते उचल घेऊन येथे येतात, उघड्यावर पडाव टाकतात. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. ताप आला तर दवाखान्याआधी प्रार्थनेने बरे करणाऱ्याकडे धाव घेणाऱ्या आईला अंधश्रद्ध म्हणणे सोपे आहे. दवाखान्याला गेल्यास मजुरी बुडते, हेही तिला ठाऊक असते. कूपांगमध्येही लोक कोरड्या विहिरींमुळेच टेकडी चढले होते.

पडावावर, मुलाबाळांपुढे, हा चित्रपट दाखवू नये. त्यातील अत्याचाराचा भाग त्यास योग्य नाही. २०१२ साली त्याची प्रत नव्याने सिद्ध करण्यात आली आहे. धर्मशिक्षकांच्या वर्गात ती दाखवावी, पापनिवेदनाच्या दृश्यापाशी यंत्र थांबवावे, आणि त्या धर्मगुरूच्या जागी आपण असतो तर ऑर्लीला काय सांगितले असते, हे प्रत्येकाने लिहून काढावे.