अनुमान आणि चमत्कार

आकाशगमन हें मनुष्याचें फार जुनें स्वप्न आहे. परंतु तें पडद्यावर दाखविण्याच्या रीति मात्र दोनच. एकींत उड्डाण घडतें, आणि तें घडलें एवढ्यानेंच प्रेक्षक तृप्त होतो. दुसरींत उड्डाणापूर्वीं त्याचा हिशेब मांडला जातो, आणि तो पटल्यावरच प्रेक्षक यानांत पाऊल ठेवतो. पहिलीस आम्ही चमत्कार म्हणतों, दुसरीस अनुमान. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाच्या 'फ्राउ इम मोंड', म्हणजे 'चंद्रावरील स्त्री', या 1929 सालच्या जर्मन मूकपटाचें महत्त्व असें कीं, चंद्राच्या सफरीची गोष्ट त्यानें चमत्काराच्या प्रांतांतून उचलून अनुमानाच्या प्रांतांत आणली. त्याची घडण कशी झाली हें पाहूं लागलें असतां आमच्या मराठी चित्रसृष्टीविषयीं एक प्रश्न आपोआप उभा राहतो. त्या प्रश्नापर्यंत वाचकांस नेणें हाच या लेखाचा हेतु होय.

लांगची पत्नी थेआ फॉन हार्बू ही कादंबरीकर्त्री होती. 'मेट्रोपोलिस' (1927) या पटाची कथा तिचीच. त्यांतील यंत्रांची पाळी व पाळीचा भोंगा म्हणजे काय, हें सोलापूरच्या जुन्या गिरणीकामगारास कोणी समजावून द्यावयास नको. 'चंद्रावरील स्त्री'ची कथाही तिनेंच लिहिली. मात्र या वेळीं लांगनें कथेच्या जोडीला शास्त्रज्ञ बोलाविला. हर्मान ओबेर्ट याचा अग्निबाणानें ग्रहांतराळीं जाण्यासंबंधींचा ग्रंथ 1923 सालीं प्रसिद्ध झाला होता. तत्पूर्वीं तोच विषय प्रबंध म्हणून विद्यापीठानें नाकारलेला. हा ओबेर्ट आणि विली लाय हा तरुण विज्ञानलेखक असे दोघे बर्लिनजवळच्या नॉयबाबेल्सबर्ग येथील उफा कंपनीच्या स्टुडिओंत सल्लागार म्हणून आले. त्यांच्या सल्ल्याचीं फळें पटांत जागोजाग दिसतात. अग्निबाण एका उंच इमारतींत उभाच्या उभा जोडला जातो व रुळांवरून सावकाश उड्डाणस्थळीं नेला जातो. त्याचे टप्पे जळून रिकामे झाले म्हणजे एकामागून एक गळून पडतात. वेगाच्या दाबाखालीं देह चिरडूं नये म्हणून प्रवाशांस आडवें निजविलेलें आहे. आणि वजन नाहींसें झाल्यावर पाय अडकवितां यावेत म्हणून यानांत चामड्याचे पट्टे आहेत. पृथ्वीच्या ओढींतून सुटण्यास सेकंदास सुमारें 11.2 किलोमीटर गति लागते, ही गोष्ट येथें कथेचा कणा होऊन बसली आहे. पहिला कृत्रिम उपग्रह 1957 सालीं सुटला, हें ध्यानीं घेतलें म्हणजे या तयारीची किंमत कळते.

कंपनीस एवढ्यानें समाधान नव्हतें. पटाच्या पहिल्या खेळाच्या वेळीं जाहिरातीदाखल खराच अग्निबाण उडवावा, असा घाट घालून तें काम ओबेर्टकडे सोंपविण्यांत आलें. तें साधलें नाहीं. प्रयोगांत स्फोट होऊन ओबेर्ट जखमी झाला, आणि 15 ऑक्टोबर 1929 रोजीं बर्लिनमध्यें पट झळकला तो अग्निबाणावांचूनच. कागदावरील गणित पडद्यावर उतरविणें आणि तेंच धातूंत उतरविणें यांतील अंतर किती मोठें आहे, याचा हा चांगला धडा होय.

परंतु या पटांतील सर्वांत मोठा शोध शास्त्रज्ञाचा नसून कलावंताचा आहे. मूकपटांत स्फोटाचा आवाज नाहीं. मग उड्डाणाचा क्षण प्रेक्षकास कळावा कसा? एक, दोन, तीन असें मोजीत गेलें, तर मोजणी कोठें थांबणार हें कोणासच ठाऊक नसतें. लांगनें मोजणी उलटी केली. पाटीवरील आंकडे उतरत जातात, आणि शून्यावर 'आतां' हा एकच शब्द येतो. शून्य कोठें आहे हें सर्वांस आधींच माहीत असल्यामुळें प्रत्येक आंकड्यागणिक श्वास आंखडत जातो. पुढें खऱ्या अग्निबाणांच्या उड्डाणांतही हीच उलटी मोजणी रूढ झाली. कलेनें शास्त्राचें ऋण घेतल्याचीं उदाहरणें पुष्कळ. शास्त्रानें कलेचें ऋण घेतल्याचें हें उदाहरण विरळा.

असा हा पट चंद्रावर उतरतो आणि तेथेंच घसरतो. चंद्राच्या पाठमोऱ्या बाजूस हवा असावी, अशी एकोणिसाव्या शतकांत हान्सेन नांवाच्या ज्योतिर्विदाची कल्पना होती. त्या जीर्ण कल्पनेचा आधार घेऊन हार्बूनें आपलीं पात्रें चंद्रावर मोकळ्या तोंडानें हिंडविलीं आहेत. गुहांत सोनें ठेविलें आहे. सोन्यामागें एक खलपुरुष लाविला आहे. स्टुडिओंत पसरलेल्या वाळूच्या त्या ओसाड टेकड्या नेत्रांस सुखवितात. पण त्यांवर चालणारें नाटक कोणत्याही गांवीं घडूं शकलें असतें. आमचा आक्षेप शास्त्रीय चुकीवर नाहीं. पाठमोऱ्या चंद्राचें पहिलें छायाचित्र मनुष्यास मिळालें तें पटानंतर तीस वर्षांनीं, ऑक्टोबर 1959 मध्यें. तें लांगजवळ कोठून असणार? आक्षेप असा कीं, पूर्वार्धांत जो नियम पटानें स्वतःस लावून घेतला, तो उत्तरार्धांत स्वतःच्याच सोयीसाठीं सोडला. प्रेमिकांचीं मुखें दिसावींत म्हणून हवा आली, हवेस आधार म्हणून जुना ज्योतिषी आला. अनुमान येथें कथेचा मालक न राहतां नोकर झालें.

यावर कोणी म्हणेल, कलाकृति म्हणजे कांहीं पंचांग नव्हे. खरें आहे. फ्रान्समधील मेलिएस यानें 1902 सालीं चंद्रावर माणसें धाडलीं तीं तोफेच्या गोळ्यांतून. त्याच्या चंद्रास तोंड आहे आणि गोळा थेट डोळ्यांत रुततो. त्यास कोणीही दोष देत नाहीं, कारण आरंभापासून तो जादूगाराचा खेळ आहे. प्रत्येक कृति वाचकाशीं कांहीं करार करते. तिला त्याच करारानें तोलावें, एवढेंच आमचें म्हणणें. लांगचा करार कठीण होता. तो अर्धा पाळला गेला, आणि तो अर्धा भाग मात्र अजोड आहे.

आतां आपल्या घराकडे वळूं. दादासाहेब फाळके यांनीं 'राजा हरिश्चंद्र' (1913) काढण्यापूर्वीं वाटाण्याच्या अंकुराची वाढ एकेक चित्र घेऊन पडद्यावर दाखविली होती. म्हणजे आमच्या चित्रकलेचा आरंभींचा प्रयोग शास्त्रीय निरीक्षणाचा होता! पुढें तीच हातचलाखी 'लंकादहन' (1917) व 'कालिया मर्दन' (1919) यांच्या कामीं आली. जर्मनीशींही आमचा संबंध आला. प्रभात कंपनीचा 'सैरंध्री' (1933) रंगविण्याच्या निमित्तानें शांतारामबापू तेथें गेले, तेथील स्टुडिओ त्यांनीं पाहिले, आणि परत येऊन पुण्यास 'अमृतमंथन' (1934) काढला. त्यांतील पडदाभर पसरलेला राजगुरूचा डोळा विसरतां येत नाहीं. वाचकवर्गही नव्हता असें नाहीं. ज्यूल व्हर्नची चंद्रकथा 'केरळकोकिळ' मासिकानें विसाव्या शतकाच्या आरंभींच मराठींत आणली होती. कसब होतें, यंत्र होतें, वाचक होते. तरी 'चंद्रावरील स्त्री'च्या जातीचा साहसपट त्या काळीं मराठींत निघाला नाहीं. हाच आमचा प्रश्न.

दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (1936) पाहिला म्हणजे उत्तराचा कांहीं भाग हातीं लागतो. तेथेंही शेवटीं एक आरोहण आहे. तुकोबा वैकुंठास निघतात, आणि जिजाई आपल्या संसारांतच राहते. या विमानास गणित नाहीं व तें नसावेंच, कारण त्याचें इंधन दोन तासांच्या चित्रणांत जमविलेली श्रद्धा आहे. विष्णुपंत पागनिसांच्या मुखावर ती आधींच उजळलेली असते. विमान नंतर येतें. पंढरपूर ज्या जिल्ह्यांत आहे तेथल्या प्रेक्षकांस हें सांगणें नको. लांगनें आपलें उड्डाण आंकड्यांनीं कमाविलें, दामले-फत्तेलालांनीं तें भक्तीनें कमाविलें. दोघांनींही तें फुकट घेतलें नाहीं. आमच्याकडे जें साधलें तें इतकें पूर्ण साधलें कीं, दुसऱ्या रीतीची उणीव कोणास भासलीच नाहीं. मात्र पुढील कित्येक चमत्कारपटांत श्रद्धाही उरली नाहीं आणि हिशेबही आला नाहीं; उरली ती दोरीवर लोंबणारी विमानें.

आणि अनुमानाची शिस्त ही केवळ कलेची बाब नव्हे, याची साक्ष याच पटाच्या उत्तरचरित्रांत आहे. 1933 सालीं लांग व हार्बू विभक्त झालीं. लांग जर्मनी सोडून गेला. हार्बू तेथेंच राहिली आणि नाझी पक्षांत शिरली. पुढें तिनें गुप्तपणें विवाह केला तो बेळगांवकडील आयी तेंडुलकर या मराठी पत्रकाराशीं! एकीकडे ती राजवट, दुसरीकडे हिंदी विद्यार्थ्यांविषयीं माया. असें हें मन होतें. कथेंतील यानास तिनें नांव दिलें होतें 'फ्रीडे', म्हणजे शांति. त्याच राजवटीनें पुढें पट प्रदर्शनांतून काढून घेतला, कारण त्यांतील अग्निबाण लष्करी गुपिताशीं फार मिळताजुळता होता. 3 ऑक्टोबर 1942 रोजीं पेनेम्युंडे येथून व्ही-2 प्रथम यशस्वीपणें उडाला, तेव्हां त्याच्या अंगावर चंद्रावरील स्त्रीचेंच चित्र रंगविलेलें होतें. बंदिवानांच्या श्रमांतून घडलेले तेच बाण पुढें लंडन व अँटवर्प या शहरांवर कोसळले.

या कथेचा नायक इतरांस पृथ्वीवर परततां यावें म्हणून चंद्रावर मागें राहतो. व्ही-2 उडाला त्याच वर्षीं, 9 डिसेंबर 1942 रोजीं, सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस परक्या सैनिकांची शुश्रूषा करीत चीनमध्यें निवर्तले. शांतारामबापूंनीं 1946 सालीं त्यांचें चरित्र पडद्यावर आणलें. शास्त्र आणि साहस यांचा आमच्या पडद्यावरील खरा संगम आम्हांस येथें दिसतो. फक्त तो अनुमानाच्या वाटेनें न येतां चरित्राच्या वाटेनें आला. शास्त्र कोणाच्या हातीं आणि कशासाठीं, हा प्रश्न त्यानें टाळला नाहीं. लांग-हार्बूंच्या पटानें तो सोन्याच्या गुहेंत हरवूं दिला.

14 जुलै 2023 रोजीं श्रीहरिकोट्याहून चांद्रयान सुटलें, तेव्हां लांगची ती उलटी मोजणी घरोघर ऐकूं आली. गणित आतां आपलें आहे. त्या गणितास शेवटपर्यंत इमानी राहील, आणि शून्यानंतर काय, हेंही विचारील, असा मराठी चित्रपट निघणें अजून बाकी आहे.