पडद्याआडचा पुरावा

नवऱ्याच्या मृत्यूनंतर तीन विधवा आपला सगळा वारसा धर्मादायाला देऊन टाकतात. कागद रीतसर आहेत. फक्त एकीच्या कागदावर सहीऐवजी फुली आहे. जिला अक्षर ओळखता येत नाही, तिने आपण काय देऊन टाकतो आहोत, हे समजून फुली मारली असेल काय? सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ (२०१८) या इंग्रजी कादंबरीतला शोध या साध्या शंकेतून सुरू होतो. काळ १९२१ चा, स्थळ मुंबई. गिरणीमालक ओमर फरीद यांच्या रझिया, सकिना आणि मुमताझ या तिन्ही विधवा कडक पडदा पाळतात. त्यांचा कारभार पाहणाऱ्या फैसल मुक्रीचा पुढे त्याच घरात खून होतो. खुनी कोण, हे सांगून वाचकाचा रसभंग करण्याचे कारण नाही. या लेखाचा प्रश्न वेगळा आहे.

रहस्यकथेला बंद खोली नवी नाही. आतून कडी लावलेली, आत प्रेत, आणि खुनी आला कुठून हे कोडे. इथे मात्र खोली कडीने बंद झालेली नाही, रिवाजाने झाली आहे. जनानखान्यात वकील जाऊ शकत नाहीत आणि पोलिसांचीही तीच अडचण. परवीन मिस्त्री आत जाऊ शकते, कारण ती बाई आहे. गुन्ह्यांचा तपास हा काही तिचा व्यवसाय नव्हे. ती वडिलांच्या पेढीत कागदपत्रे पाहणारी सॉलिसिटर. तिचे भांडवल तर्कबुद्धीपेक्षाही प्रवेशाचे आहे. आत गेल्यावर तिला कळते की ‘फरीद यांच्या विधवा’ नावाची एक गोष्टच अस्तित्वात नाही. तिघींची वये वेगळी, भीती वेगळी, लपवण्याची कारणे वेगळी. प्रत्येकीला एकटीला गाठून ऐकावे लागते. कादंबरीतला खरा तपास हा ऐकण्याचा आहे.

ही कल्पना हवेतून आलेली नाही. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली. पदवी हाती पडली ती १९२२ मध्ये. मधल्या काळात, १९०४ पासून, बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्ससाठी त्या पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणे पाहत होत्या. स्त्रियांना वकिलीचा दरवाजा देशभर उघडणारा कायदा १९२३ चा. म्हणजे परवीनचे अर्धे अधिकार हे इतिहासाने घातलेले बंधन आहे: मसुदा करता येतो, न्यायालयात उभे राहता येत नाही.

कादंबरीचा दुसरा धागा १९१६ चा, परवीनच्या लग्नाचा. कलकत्त्याच्या सासरी पाळीच्या दिवसांत तिला वेगळ्या खोलीत कोंडले जाते. ‘बाहेर बसणे’ ज्यांच्या घरात परवापरवापर्यंत होते, त्या मराठी वाचकाला या प्रकरणांसाठी तळटीप लागणार नाही. अनेकांना हा धागा मूळ कथेत घुसवलेला वाटेल. मला तो तपासाचा पाया वाटतो. मलबार हिलच्या जाळीमागचा आवाज तिला ओळखू येतो, कारण ती स्वतः एका कोंडीतून बाहेर पडली आहे. तीही पूर्ण नाहीच. १८६५ च्या पारशी विवाह कायद्यात नवऱ्याने वेश्येकडे जाणे व्यभिचारात मोजत नसत. तिला मिळते ते केवळ विभक्त राहण्याची मुभा. घटस्फोट नाही, म्हणून पुनर्विवाहही नाही. तो कायदा बदलायला १९३६ उजाडावे लागले. ‘नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद’ हा १८८७ चा निकाल ऐकणारी आपली रखमाबाई इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

उणिवा आहेत. रिवाज, पदार्थ, नातेवाचक शब्द परक्या वाचकाला समजावून सांगण्यात संवाद अधूनमधून अडखळतात. नायिकेचे विचार कधी कधी आजचे वाटतात. त्याहून मोठी उणीव ही, की ज्या संपत्तीवरून एवढे रामायण घडते ती गिरणीची आहे, आणि गिरणगाव मात्र कथेत जवळजवळ नाही. कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांच्या घामाचा हिशेब त्या वारशाच्या कागदांत शोधावा, असे कुणालाच सुचत नाही. शोधक ज्या घरात शिरू शकते तेवढेच जग कादंबरीला दिसते. तिच्या पद्धतीची ती ताकद, आणि मर्यादाही.

तरीही ही कादंबरी एक अवघड गोष्ट साधते. रहस्यकथा शेवटी न्यायाचे समाधान देते. इतिहास ते क्वचितच देतो. इथे खुनाचा उलगडा होतो, पण परवीनचे लग्न कायद्याच्या वहीत तसेच राहते. एक प्रकरण मिटते, दुसरे उघडेच. पुस्तक मिटल्यावर खुन्यापेक्षा ती फुलीच जास्त आठवत राहते. आपल्या घरच्या जुन्या खरेदीखतांवर, हक्कसोडपत्रांवर असे किती आज्यांचे अंगठे उमटलेले आहेत. त्यांना तो कागद कुणी वाचून दाखवला होता का?