50 मिलीमीटरची बैठक

जिम्नीला लिफ्ट किट बसवलं की बघणारा पहिल्यांदा उंची विचारतो. दोन इंच, म्हणजे 50 मिलीमीटर, एवढं उत्तर मिळालं की बहुतेकांचं समाधान होतं. जाणकार मात्र तिथेच उकिडवा बसतो आणि चाकाच्या कमानीतून आत डोकावतो. गाडी उचलणं सोपं आहे. उचलल्यामुळे खाली जे जे बिनसतं ते एकेक करून पुन्हा जागेवर आणायचं, तिथे मिस्त्रीचा हात कळतो. भोसरीच्या एका गॅरेजात हे काम मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायला मिळालं. त्यातल्या काही जागा इतक्या देखण्या होत्या, की त्या कोणाला दाखवल्यावाचून राहवत नाही.

आधी गाडी समजून घेऊ. जून 2023 मध्ये आपल्याकडे आलेली पाच दरवाजांची जिम्नी दिसायला आटोपशीर असली तरी तिचा सांगाडा जुन्या धाटणीचा आहे: शिडीसारखी चॅसी, पुढेमागे अखंड ॲक्सल. जिप्सीला पाटे होते, हिला कॉइल स्प्रिंग आहेत. दरवाजे वाढवताना सुझुकीने दोन चाकांमधलं अंतर 2250 वरून 2590 मिलीमीटरवर नेलं आणि त्याची किंमत पोटाने मोजली. उंचवट्यावरून पोट न घासता पार होण्याचा कोन तीनदारी जिम्नीत 28 अंश आहे, पाचदारीत 24. आता चाकाची त्रिज्या आणि अंतर धरून हिशेब मांडून बघा: पोट 50 मिलीमीटरने वर गेलं की हा कोन 28 अंशांच्या आसपास येतो. लांबीपायी गमावलेलं सगळं जवळजवळ तंतोतंत परत मिळतं. दोन इंचांच्या या मापात किती शहाणपण आहे ते इथे कळतं. तीन इंच, चार इंचही करणारे आहेत. पण त्यात गुरुत्वमध्य विनाकारण वर जातो आणि गाडी वळणावर कलंडू बघते. कुठे थांबायचं ते कळणं ही या कामातली पहिली रसिकता.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 मुळे नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ तपशिलात मालकाला असे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. मी बघितलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. ट्रेलरवर चढून खासगी जागेतल्या ऑफरोड ट्रॅकवर जाते. मिस्त्रींनी गाडी आत घ्यायच्या आधी मालकाकडून हे वदवून घेतलं.

पाना हातात घेण्यापूर्वीचा अर्धा तास नुसत्या मोजमापात गेला. सपाट फरशी, चारही टायरांत सारखी हवा, गाडीत कोणी नाही. चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या काठापर्यंतचं अंतर चारही ठिकाणी मोजून ते त्या त्या मडगार्डवर चिकटपट्टी लावून पेनाने लिहिलं. इथे एक बारकावा चुकण्यासारखा आहे. जमिनीपासूनची उंची मोजली तर टायरची झीज आणि हवा त्यात मिसळते. चाकाच्या मध्यापासून मोजलं की फक्त स्प्रिंगचं काम दिसतं. उजवी बाजू डावीपेक्षा किंचित बसलेली निघाली. चालक, स्टिअरिंग त्याच बाजूला, त्यामुळे हे साहजिकच. चांगल्या संचांपैकी काहींमध्ये डाव्या-उजव्या स्प्रिंगच्या उंचीत मुद्दाम थोडा फरक ठेवलेला असतो, तो याचसाठी. मिस्त्रींनी खोक्यातून स्प्रिंग काढल्या, फरशीवर शेजारी शेजारी उभ्या केल्या, आणि खडूने ‘डा’, ‘उ’ लिहूनच पुढे सरकले.

आता शॉकअप आणि स्प्रिंग. स्वस्तातली वाट म्हणजे मूळ स्प्रिंगखाली पॉलियुरेथेनची जाड चकती सरकवायची. उंची मिळते, फोटोही झकास येतो. पण शॉकअप जुनाच, तेवढ्याच लांबीचा. गाडी 50 मिलीमीटर वर गेली म्हणजे शॉकअप आधीच तेवढा ताणून उभा राहिला. चाकाला खड्ड्यात खाली उतरायला जी मुभा होती ती तितकीच कमी झाली. अखंड ॲक्सलच्या गाडीचं सगळं सौंदर्य त्या उतरण्यात आहे. एक चाक दगडावर चढतं, दुसरं घळीत लोंबत जाऊन जमीन शोधतं, आणि ती सापडली की पकड मिळते. म्हणून खरा संच स्प्रिंगबरोबर लांब शॉकअप देतो. या संचातली स्प्रिंग एका टोकाला दाट वेढ्यांची होती, दुसरीकडे विरळ. लहान खळग्यांवर दाट वेढे आधी दबतात आणि एकमेकांवर टेकतात. मग विरळ वेढे भार घेतात आणि स्प्रिंग कडक होत जाते. ती बसवताना मिस्त्रींनी तिचं शेवटचं टोक बैठकीतल्या खोबणीत येईपर्यंत हाताने फिरवलं, बोट घालून चाचपलं, आणि मगच जॅक वर घेतला. टोक खोबणीच्या जरा पुढेमागे राहिलं असतं तर पहिल्याच झोल्यात स्प्रिंग फिरून बसली असती आणि घेतलेलं प्रत्येक माप खोटं ठरलं असतं.

पण मला सर्वांत भावली ती चाचणी वरकरणी उलट्या दिशेची होती. स्प्रिंग काढून ठेवली, नवा शॉकअप तेवढा लावला, आणि ॲक्सलखाली जॅक लावून तो हळूहळू वर नेला, थेट बंप स्टॉपचा रबरी ठोकळा टेकेपर्यंत. लांब शॉकअप उघडल्यावर जसा लांब असतो तसाच मिटल्यावरही थोडा लांबच राहतो. ठोकळा टेकण्याआधी तो आतल्या आत पूर्ण मिटला, तर आदळण्याचा सगळा मार त्याच्या व्हॉल्व्हवर आणि वरच्या माउंटवर बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी तेल गळायला लागतं आणि दोष शॉकअपवर जातो. मिस्त्रींनी तो टेबलावर दाबून मिटलेली लांबी आधीच टिपून ठेवली होती. ठोकळा टेकला तेव्हा दोन टोकांमधलं अंतर त्या लांबीच्या अगदी निसटतं वर होतं. त्यांनी मान हलवली, बंप स्टॉपखाली वाढीव तुकडा बसवला आणि पुन्हा जॅक चालवला. मग फक्त एका बाजूचं चाक वर, दुसरं खाली, असं तिरपं करून तेच माप. तिरप्या अवस्थेत टायर आतल्या बाजूला कुठे घासतो ते टॉर्च मारून पाहिलं. ट्रॅकवर ज्या अवस्था क्षणभर येतात त्या इथे संथपणे एकेक उभ्या करून तपासल्या जात होत्या. बघताना मला वेळेचं भान उरलं नाही.

पुढच्या ॲक्सलचा कॅस्टर ही या सगळ्यातली अवघड जागा. चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचं वरचं टोक किंचित मागे कललेलं असतं. त्यामुळे वळण संपलं की स्टिअरिंग आपणहून सरळ होतं. जिम्नीचा पुढचा ॲक्सल दोन लीडिंग आर्मना धरलेला आहे, आणि ते आर्म मागे चॅसीला जोडलेले. चॅसी वर गेली की आर्मचं मागचं टोक वर जातं, ॲक्सल त्याबरोबर पुढे कलंडतो आणि कॅस्टर कमी होतो. मग गाडी वेगात दिशा सोडून भटकते, हातात काही लागतच नाही. उपाय छिद्र मध्यावर नसलेल्या बुशचा. प्रत्येक आर्मला ॲक्सलच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन बुश. पुढच्याचं छिद्र वर हवं, मागच्याचं खाली, म्हणजे ॲक्सलचा माथा पुन्हा मागे झुकतो. एकदा का बुश हायड्रॉलिक प्रेसवर दाबून बसले की चूक सुधारायला ते पुन्हा कापून काढावे लागतात. उलटे बसले तर कॅस्टर सुधारण्याऐवजी आणखी दुप्पट बिघडणार. मिस्त्रींनी चारही बुशांवर आणि आर्मवर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढली, आर्म टेबलावर गाडीत बसतो तसाच ठेवला आणि हाताखालच्या पोराला विचारलं, “सांग, माथा कुठं जाईल?” पोराने तळहात आडवा धरून मागे झुकवून दाखवला. मगच प्रेसचा दांडा खाली आला. त्या पोराला जे समजलं ते कुठल्या माहितीपत्रकात इतकं स्वच्छ लिहिलेलं नसेल.

मग लॅटरल रॉड. ॲक्सल डावीउजवीकडे सरकू नये म्हणून एक आडवी सळई असते: एक टोक चॅसीला, दुसरं ॲक्सलला. गाडी वर गेली की ही सळई जास्त तिरपी होते, तिचा आडवा विस्तार घटतो आणि आख्खा ॲक्सल एका बाजूला ओढला जातो. किती? 900 मिलीमीटरची सळई धरा, तिचा तिरपेपणा 50 वरून 100 मिलीमीटरवर गेला, तर ॲक्सल सुमारे 4 मिलीमीटर सरकतो. डोळ्याला कळणारही नाही इतकं. पण मागचा ॲक्सल एकीकडे आणि पुढचा भलतीकडे अशी गाडी किंचित वाकडी धावते. इथे ओळंबा निघाला, गवंड्याचाच, पितळी. मागच्या दोन्ही कमानींवरून दोरा सोडला, दोऱ्यापासून टायरचं अंतर दोन्हीकडे मोजलं, आणि लांबी बदलता येणाऱ्या नव्या रॉडचा मधला भाग फिरवायला सुरुवात केली. तंबोऱ्याची जवारी लावणारा घोडीवरचा धागा केसभर सरकवतो, थांबतो, पुन्हा छेडून ऐकतो. तसं पाव फेरा, ओळंबा स्थिर होण्याची वाट, माप, पुन्हा पाव फेरा. दोन्ही आकडे जुळल्यावर लॉक नट आवळला आणि आवळताना रॉड फिरला तर नाही ना, म्हणून परत एकदा मोजलं.

ब्रेकचा लांब होज, एबीएसची वायर, डिफरन्शियलच्या श्वासनळीचा पाइप या गोष्टी पटकन झाल्या, पण चाक पूर्ण लोंबतं सोडून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून. कशालाच ताण नको, आणि ढिलाई इतकीही नको की टायरला लागेल.

आणि आता ती जागा, जी घाईत सगळ्यांच्या हातून निसटते. आर्म आणि रॉडचे बोल्ट गाडी हवेत असताना फक्त हातघट्ट ठेवले होते. रबरी बुशचं रबर आतल्या नळीला चिकटलेलं असतं. नळी बोल्टने आवळली की रबर त्या कोनात कायमचं धरलं जातं. चाकं लोंबत असताना आवळलं तर गाडी खाली उतरताक्षणी सगळे बुश पिळवटतात आणि उभ्या गाडीतही पिळलेलेच राहतात. थोड्याच काळात रबर फाटतं. म्हणून गाडी जमिनीवर उतरवली, मडगार्ड हाताने दाबून वरखाली झुलवली, पुढेमागे ढकलली, आणि ती स्वतःच्या वजनावर निवांत बसल्यावर मिस्त्री पाठीवर सरकत खाली गेले. टॉर्क पान्याचा कट्‌ कट्‌ आवाज एकेका बोल्टवरून येत राहिला. प्रत्येक आवळलेल्या नटावरून बोल्टवर पिवळ्या रंगाची रेघ.

स्टिअरिंग मधोमध आणायला ड्रॅग लिंक जुळवली. ही नुसती दिसण्याची बाब नाही: स्टिअरिंग तिरकं राहिलं तर ईएसपीच्या सेन्सरला गाडी सतत वळते आहे असं वाटतं. मग अलाइनमेंट आणि शेवटी हेडलाइटचा झोत खाली.

एवढं सगळं होऊनही डिफरन्शियल जमिनीपासून होतं तिथेच आहे, कारण ते ॲक्सलवर असतं आणि ॲक्सलची उंची टायर ठरवतो. मूळ 195/80 आर 15 टायरच्या जागी 215/75 घातला तरी ती पाच मिलीमीटरच वाढते. मालकाने हे विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, “साहेब, पोट वाचवलंय. गोळा अजून तुम्हालाच वाचवायचाय, दगड बघून चालवा.” ट्रॅकवर काही फेऱ्या मारून गाडी पुन्हा आली तेव्हा नव्या स्प्रिंग जराशा बसल्या होत्या, चारही बाजूंनी सारख्याच. पिवळ्या रेघांपैकी मागच्या लॅटरल रॉडवरची एक केसभर तुटली होती. चाकं जमिनीवर होतीच. त्यांनी टॉर्क पाना लावला, रेघ पुसली आणि नवी ओढली.