रेणू गर्दी करतात म्हणून उजळतात का?

काही सेंद्रिय पदार्थ द्रावणात असताना अतिनील प्रकाशाखाली जवळजवळ अंधारेच राहतात, पण त्यांचे रेणू गोळा झाले की छान उजळतात. हाँगकाँगच्या बेन झोंग टांग यांच्या गटाने २००१ मध्ये सायलोल वर्गातील एका संयुगाबाबत हे मांडले आणि त्याला 'एकत्रीकरणामुळे होणारे उत्सर्जन' म्हटले. नाव झपाट्याने रूढ झाले. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे पूर्वी गोवा विद्यापीठात असलेले शेषनाथ भोसले. त्यांनी सहकाऱ्यांसह २०१८ मध्ये टेट्राफेनिलएथिलीनपासून केलेल्या अशा संवेदकांचा आढावा लिहिला.

आमची हरकत नावाला आहे. गर्दी हेच उजेडाचे कारण, असे विद्यार्थ्याला त्यावरून वाटते. मात्र बऱ्याच रंगद्रव्यांत उलट घडते: रेणू एकावर एक सपाट बसले की प्रकाश विझतो. टेट्राफेनिलएथिलीनमध्ये दुहेरी बंधाने जोडलेल्या दोन कार्बनांना चार फेनिल कडी लागलेली असतात. द्रावणात ती वळतात, मधला बंधही पिळतो, आणि शोषलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाते. रेणापूरला नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाच्या रांगेत हात हलवायला जागा नसते, तशी या कड्यांची गत झाली की ती वाट बंद होते. (दृष्टांत एवढ्यापुरताच, रांगेतली माणसे काही उजळत नाहीत!) शिवाय कडी पंख्याच्या पात्यांसारखी तिरकी असल्याने रेणू सपाट बसत नाहीत. सुटे रेणूसुद्धा द्रावण खूप थंड केले किंवा ग्लिसरीनने दाट केले तर उजळतात. म्हणजे कारण हालचालीला बसलेला अटकाव. गर्दी हा त्याचा एक मार्ग. वर्गात हे आधी सांगावे, नाव मागाहून.

दुसरी अतिशयोक्ती एलईडीबाबत होते. सेंद्रिय एलईडीतील थर घन असतात आणि सगळे मिळून मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाइतके पातळ. दाटीत विझणारे रंगद्रव्य तिथे दुसऱ्या पदार्थात थोडेसेच मिसळावे लागते. नव्या पदार्थांमुळे ही कटकट टळू शकते, हे खरे. पण विजेने उद्दीपित केलेल्या रेणूंपैकी साधारण २५ टक्केच 'एकक' अवस्थेत जातात. ७५ टक्के 'त्रिक' अवस्थेत, आणि साध्या प्रतिदीप्त पदार्थात ते बहुतांशी वाया जातात. दाटीने हा हिशेब बदलत नाही. इरिडियमची संयुगे त्रिक अवस्थेतूनच प्रकाश देतात. जपानच्या चिहाया अडाची यांच्या गटाने २०१२ मध्ये धातूविना, निव्वळ सेंद्रिय रेणूंतही ती ऊर्जा कामी आणली. हा गुण आणि दाटीत न विझण्याचा गुण एकाच रेणूत आणण्याचे प्रयत्न त्यानंतर सुरू झाले आणि अजून चालू आहेत.